हजेरीपटापासून सुरुवात: प्रादेशिक संरक्षण सहकार्यावर प्रबंध कसा लिहावा

दरवर्षी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं लघुप्रबंधाचा विषय घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या कागदावर एकच ओळ असते: ‘दक्षिण आशियातील संरक्षण सहकार्य : एक चिकित्सक अभ्यास’. मी कागद बाजूला ठेवते आणि विचारते, कोणाचं कोणाशी? कधीपासून कधीपर्यंत? आणि हे तू सांगणार कशावरून? पहिल्या दोन प्रश्नांवर मुलं काहीतरी बोलतात. तिसऱ्यापाशी गप्प होतात. संरक्षणाचा विषय, सगळं गुप्त, आपल्याला कोण सांगणार, अशी त्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उघड्यावर पडलेलं इतकं आहे की एका प्रबंधात मावत नाही. फक्त ते गोळा कसं करायचं आणि वाचायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

मी सातारा जिल्ह्यातली. वडील लष्करात नायक होते, त्यामुळे घरात युनिट, रजा, पोस्टिंग हेच शब्द. मी संरक्षणशास्त्र शिकवते आणि माझी पीएच.डी. बिम्सटेकच्या सुरक्षा सहकार्यावर आहे. बिम्सटेक म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या सात देशांचा गट: भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार आणि थायलंड. १९९७ साली बँकॉकमध्ये सुरू झाला तो व्यापार आणि तंत्रज्ञानासाठी. सुरक्षेचा विषय त्यात मागाहून आला, आणि कसा आला हे शोधणं हेच माझं काम होतं.

पहिली दोन वर्षं मी चुकीच्या वाटेनं गेले. शिखर परिषदांची संयुक्त निवेदनं जमवली, त्यांत ‘दहशतवाद’ किती वेळा, ‘सहकार्य’ किती वेळा, ते मोजलं, रंगीत आलेख काढले. माझे मार्गदर्शक सर शांतपणे सगळं पाहत होते. मग म्हणाले, “हे ठीक आहे गं. पण आलं कोण होतं?” मला सांगता आलं नाही. निवेदनाखाली सात देशांची नावं होती, तेवढंच मला ठाऊक. त्या दिवशी घरी जाताना मी एक जाड फुलस्केप रजिस्टर घेतलं. आजही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात तेच घ्यायला लावते. संगणकावर तक्ता केला तरी चालेल, पण आधी हातानं दोन-तीन पानं भरा. हातानं लिहिताना रिकामा रकाना टोचतो.

रकाने असे पाडा: तारीख, ठिकाण, यजमान कोण, कोण आलं, किती जण, कोणत्या दर्जाचे, कोण येणार होतं आणि आलं नाही, विषय काय होता, खर्च कोणी केला, पुढची तारीख ठरली का. एक घटना, एक आडवी ओळ. सराव असो, सुरक्षाप्रमुखांची बैठक असो, नौदलाच्या जहाजाची बंदरभेट असो. शेवटचे तीन रकाने बहुतेक वेळा रिकामे राहतात. ते कशामुळे भरता आले नाहीत, तेही बाजूला लिहा.

एक ओळ भरून पाहू

उदाहरण पुण्यातलंच घेते. १० ते १६ सप्टेंबर २०१८ या काळात औंधच्या लष्करी तळावर बिम्सटेक देशांच्या लष्करांचा पहिला संयुक्त सराव झाला. नाव मिलेक्स-१८, विषय दहशतवादविरोधी कारवाई. (औंध लिहिताना जपा. आमच्या एका विद्यार्थिनीनं हा सराव थेट सातारा जिल्ह्यातल्या औंधला नेऊन ठेवला होता, यमाईच्या औंधला. तिचा दोष नाही, आमच्याकडे औंध म्हटलं की संस्थानच डोळ्यांसमोर येतं. पण ठिकाण मूळ सरकारी पत्रकात पाहिल्याशिवाय लिहू नये, ते यासाठी.)

आता ‘कोण आलं’ हा रकाना. आदल्या आठवड्यातल्या बातम्या वाचल्या तर सात देशांचा सराव. प्रत्यक्षात पूर्ण तुकड्या आल्या पाच देशांच्या. थायलंडनं निरीक्षक पाठवले. नेपाळची तुकडी ठरलेली होती, पण सराव सुरू व्हायला दोन-तीन दिवस असताना पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी लष्कराला जाऊ नका म्हणून सांगितलं. नेपाळकडूनही मग निरीक्षकच आले, आणि समारोपाच्या वेळी लष्करप्रमुखांची परिषद होती तिला नेपाळचे लष्करप्रमुख आले नाहीत.

इथेच थांबून ‘नेपाळ चीनकडे झुकला’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याच महिन्यात नेपाळी लष्कर चीनबरोबर चेंगडूला सागरमाथा मैत्री सरावाच्या दुसऱ्या फेरीसाठी गेलं, हेही खरं. आपल्याकडच्या बऱ्याच वाहिन्यांनी तेवढंच दाखवलं. पण तुमच्या रजिस्टरात चार ओळी वर पाहा. त्याच वर्षी मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या पिथोरागढला भारत आणि नेपाळ यांचा सूर्यकिरण सराव झाला होता, नेहमीसारखा. म्हणजे नेपाळला भारताबरोबर सराव करायला हरकत नव्हती. हरकत होती ती एका गटाचा भाग म्हणून, तोही मूळचा व्यापारासाठी जमलेला गट, त्यात वर्दी घालून उभं राहण्याला. ऑगस्टअखेर काठमांडूच्या शिखर परिषदेत भारताच्या पंतप्रधानांनी या सरावाचा उल्लेख केला, आणि नेपाळात सत्ताधारी पक्षातूनच प्रश्न आले: हे गटात कधी ठरलं? नेपाळच्या संविधानात परराष्ट्र धोरणाचा पाया म्हणून अलिप्तता आणि पंचशील यांची नावं आहेत, त्याचा आधार घेतला गेला.

आता प्रबंधाचा खरा प्रश्न समोर येतो: दोघांत जमतं ते सातांत का जमत नाही? ‘दक्षिण आशियातील संरक्षण सहकार्य’ या ओळीतून हा प्रश्न कधीच निघाला नसता. तो रजिस्टरातल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या म्हणून निघाला.

आणि शेवटचा रकाना, पुढची तारीख? मिलेक्स दरवर्षीचा झाला नाही. बिम्सटेक देश पुन्हा पुण्यात जमले ते डिसेंबर २०२१ मध्ये, पॅनेक्स-२१ साठी, आणि विषय होता आपत्तीतलं मदतकार्य. बंदूक बाजूला ठेवून पूर, चक्रीवादळ आणि महासाथ. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. ज्या विषयावर कुणाच्या संसदेत आरडाओरडा होणार नाही, तिकडे सहकार्य सरकत जातं. माझं तिसरं प्रकरण या एका निरीक्षणावर उभं आहे.

सही आणि अंमल

करार वाचताना तीन तारखा वेगळ्या लिहा: सही झाली ती, देशादेशांनी मंजुरी दिली ती, आणि अंमलात आला ती. मुलं पहिली तारीख लिहून पुढे जातात. बिम्सटेकचा दहशतवाद, संघटित गुन्हेगारी आणि अमली पदार्थ यांविरुद्धचा करार डिसेंबर २००९ मध्ये म्यानमारच्या राजधानीत, नेपिडोला, सह्या होऊन तयार झाला. अंमलात आला १६ मार्च २०२१ रोजी. मधली अकरा वर्षं तो कागदावर होता. या काळाबद्दल लिहिताना ‘बिम्सटेक करारानुसार सदस्य देश माहितीची देवाणघेवाण करतात’ असं वाक्य एका प्रबंधात मी वाचलं आहे. करार लागूच नव्हता, तर देवाणघेवाण कशाच्या आधारे? गटाची सनदसुद्धा अशीच. १९९७ साली सुरू झालेल्या गटानं सनदेवर सह्या केल्या ३० मार्च २०२२ ला आणि ती लागू झाली २० मे २०२४ ला.

तारखांच्या मागेही जा. सुरक्षेचा विषय २०१६-१७ मध्येच का पेटला? सप्टेंबर २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला, दक्षिण आशियाई देशांच्या सार्क गटाची इस्लामाबादची परिषद बारगळली, आणि ऑक्टोबरात गोव्यात ब्रिक्सच्या निमित्तानं बिम्सटेकचे, म्हणजे पाकिस्तान नसलेल्या गटाचे, नेते एकत्र बसले. तिथून पुढे मार्च २०१७ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय सुरक्षाप्रमुखांची पहिली बैठक, मग ढाका, मग बँकॉक, दर मार्चला एक. तिसरी झाली २०१९ ला. चौथी थेट जुलै २०२४ मध्ये. मधल्या पाच वर्षांच्या जागेत करोना आहे, म्यानमारमधला फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव आहे. अशी मोकळी जागा दिसली की ती ओलांडू नका, तिथे मुक्काम करा.

कागद कुठे मिळतात

संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयांचे वार्षिक अहवाल आधी उतरवून घ्या, किमान दहा वर्षांचे. एकेक वर्षाचा अहवाल सुटा वाचला तर कंटाळा येतो. तेच प्रकरण दहा अहवालांतून ओळीनं वाचलं की गंमत कळते. एखाद्या देशावरचा परिच्छेद एका वर्षी अर्धं पान असतो, पुढच्या वर्षी दोन ओळी. कारण तुम्ही शोधायचं.

संसदेतली प्रश्नोत्तरं हा माझा सगळ्यात आवडता साठा. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडची उत्तरं तारखेसकट शोधता येतात. मंत्र्यांनी सभागृहाला दिलेलं उत्तर असल्यामुळे त्याला वजन असतं. वाचायची रीत अशी: प्रश्नाचे पोटभाग आणि उत्तराचे पोटभाग समोरासमोर मांडा. चार विचारले आणि तीनच्या उत्तरांचा एकच परिच्छेद करून टाकला असेल, तर न दिलेलं उत्तर कुठलं, ते पेन्सिलनं खूण करा. संसदेच्या स्थायी समित्यांचे अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल तर आवर्जून. तिथे खासदार अधिकाऱ्यांना पैशांवरून टोकतात, आणि पैशांबद्दल टोकल्यावरच पुष्कळ गोष्टी बाहेर येतात. बिम्सटेकच्या ढाक्यातल्या सचिवालयासाठी २०२२ च्या परिषदेत भारतानं दहा लाख डॉलर जाहीर केले, अशा घोषणेचं पुढे काय झालं, ते या अहवालांतून तपासता येतं.

शस्त्रव्यवहारासाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची माहिती वापरा, पण एक धोका आहे. त्यातले आकडे म्हणजे सौद्याची किंमत नव्हे. किती लष्करी ताकद एका देशाकडून दुसऱ्याकडे गेली, हे दाखवणारं ते एक सूचक माप आहे. त्यापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की परीक्षक तिथेच बोट ठेवतात. आकड्यांपेक्षा वस्तू पाहा: २०१६ मध्ये बांगलादेशला चीनकडून दोन पाणबुड्या मिळाल्या, २०२० मध्ये भारतानं आपली सिंधुवीर पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला दिली. एकाच उपसागराच्या काठावर चार वर्षांच्या अंतरानं घडलेल्या या दोन गोष्टी कुठल्याही संयुक्त निवेदनात एकत्र येणार नाहीत. तुम्ही त्या एकत्र आणायच्या.

शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं वाचल्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही, हे मी हट्टानं सांगते. दिल्लीच्या इंग्रजी पेपरांतून नेपाळ समजत नाही. आणि मराठी मुलांना इथे एक आयती सोय आहे जिचा कुणी उपयोग करत नाही: नेपाळी देवनागरीत लिहितात. ‘कान्तिपुर’ दैनिक उघडा आणि ‘सैन्य अभ्यास’ असे दोन शब्द शोधा. पहिल्या दिवशी एका बातमीला तास लागेल. महिनाभरात मथळे सरसर वाचता येतील, शंका आल्या की शब्दकोश आहेच. मिलेक्सवरचा वाद मला खरा कळला तो तिथे. आपल्याकडे बातमी होती ‘नेपाळची माघार’, तिकडे वाद होता की सरकारनं हे ठरवलं कुणाला विचारून. बांगलादेशसाठी बंगाली लिपी शिकावी लागेल. सुट्टीत पंधरा दिवस द्या, येते.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आपल्या विषयावर कुणी आधी काम केलंय का ते पहिल्याच महिन्यात पाहा, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्यावर नव्हे. दिल्लीला जाणं झालं तर मनोहर पर्रीकरांच्या नावाची जी संरक्षण अभ्यास संस्था आहे तिचं ग्रंथालय आणि १८७० पासूनची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, दोन्हीसाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा.

जे पान सापडेल ते त्याच दिवशी उतरवून ठेवा, वर पाहिल्याची तारीख टाका. एका सरकारी संकेतस्थळावरच्या पत्रकाचा मी नुसता दुवा टिपून ठेवला होता. वर्षभरानं संकेतस्थळ नवं झालं आणि पत्रक गेलं. त्यावर लिहिलेली दोन पानं मला प्रबंधातून काढावी लागली. ती पानं बरोबर होती. पण दाखवायला आधार उरला नव्हता.

माहिती अधिकाराबद्दल मुलं मोठ्या आशेनं विचारतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, अर्ज जरूर करा. पण कायद्याच्या कलम ८ मधली पहिलीच सूट देशाची सुरक्षा, सामरिक हित आणि परराष्ट्रांशी संबंध यांची आहे. ‘सरावात कोणती शस्त्रं वापरली’ असं विचारलं तर नकार ठरलेला. ‘अमुक वर्षी सचिवालयाला भारतानं किती वर्गणी दिली’ असं विचारा. हिशेबाचा प्रश्न, एका वर्षापुरता, एका ओळीचा. आणि नकार आला तरी ते पत्र फाइलला लावा.

माणसांशी बोलताना

पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात निवृत्त अधिकारी आणि जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड अधिकारी) पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जा. विद्यापीठाचं पत्र, ओळखपत्र आणि छापील प्रश्नावली आठवडाभर आधी पोचवा. पहिल्या मुलाखतीला मी गेले आणि बसल्या बसल्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला. साहेबांनी चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पाऊण तासात एक कामाचं वाक्य बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेला मी फक्त वही नेली. विचारलं, “सर, परदेशी तुकडीबरोबर सराव करताना सगळ्यात अवघड काय जातं?” त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. “वायरलेस.” मग ते तासभर बोलले. त्यांचा सेट आपल्या सेटशी बोलत नाही, बोलला तर ऑपरेटरची भाषा कळत नाही, इंग्रजी दोघांचं वेगवेगळं, नकाशावर खूण करायची पद्धत वेगळी. पहिले दोन दिवस, म्हणाले, आम्ही एकमेकांना ‘थांब’ कसं म्हणायचं हे ठरवण्यात घालवतो. दोन लष्करांनी एकमेकांशी जुळवून काम करणं यावर मी तोपर्यंत वीस लेख वाचले होते. वायरलेसवरचा ‘थांब’ त्यांतल्या एकातही नव्हता.

काय विचारायचं नाही, ते पाठ करा. संख्याबळ, सध्याची तैनाती, सामग्रीच्या त्रुटी, कुणाचं नाव. सेवेत असलेल्या माणसाकडून काहीही नाही. ओळखीतला असला तरी, सख्खा मामा असला तरी नाही. छावणीच्या भिंतीपाशी मोबाइल काढून फोटो घेऊ नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. मी फौजीच्या घरातली असल्यामुळे याबाबत फार कडक आहे: आपल्या प्रबंधासाठी कुणाच्या पेन्शनला किंवा नोकरीला धक्का लागता कामा नये. नाव द्यायचं नसेल तर ‘निवृत्त अधिकारी, पुणे’ एवढंच लिहा.

मराठीत लिहायचं असेल तर

लिहा. पण पहिल्या प्रकरणातच संज्ञा ठरवून टाका. ‘संरक्षण सहकार्य’ म्हणजे लष्कर, नौदल, हवाई दल यांच्यातलं, आणि ‘सुरक्षा सहकार्य’ म्हणजे पोलीस, तटरक्षक, सीमाशुल्क, गुप्तवार्ता यांच्यासकटचं, असा फरक मी केला आणि शेवटपर्यंत पाळला. बिम्सटेकच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो, कारण दुसऱ्यात गट पुढे गेला आहे आणि पहिल्यात अडखळला. पारिभाषिक कोशातला एखादा शब्द जडच वाटत असेल तर एका वाक्यात उलगडून सांगा. परीक्षकाला शब्द नाही, समज तपासायची असते.

गृहीतक खोटं ठरलं म्हणून कुणी घाबरू नये. माझं गृहीतक होतं की बंगालच्या उपसागरात संरक्षण सहकार्य वाढत जात आहे. रजिस्टर भरत गेले आणि ते तसं टिकलं नाही; दोघादोघांत वाढत होतं, गटात विषय बदलत होता. मी तसंच लिहिलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा वेळ याच पानांवर घालवला आणि रजिस्टर मागवून घेतलं. मी ते पिशवीत नेलं होतं. तुम्हीही न्या.

पदवी हातात आल्यावर ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांच्याकडे त्या-त्या प्रकरणाची छापील प्रत घेऊन परत जा. त्या वायरलेसवाल्या साहेबांनी माझी प्रत आठ दिवस ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा समासात बारीक पेन्सिलीनं अकरा दुरुस्त्या होत्या. त्यांतल्या नऊ बरोबर होत्या. उरलेल्या दोन दुरुस्त्यांवरून आमचा वाद अजून चालू आहे.